ओंडक्यांचं जुनं घर दुरुस्त करताना या चुका टाळा

स्वीडिश आणि फिनिश वसाहतकारांनी १६३८ पासून अमेरिकेतल्या डेलावेअर नदीच्या खोऱ्यात ओंडक्यांची घरं बांधायची रीत आणली, आणि पुढे ती अपालाचियन डोंगरांत सगळीकडे पसरली. त्या भागात अशी जुनी घरं अजून उभी आहेत. पाणी अंगावर थांबू दिलं नाही, म्हणून ती टिकली. दुरुस्तीत नेमकं हेच विसरलं जातं.

सर्वांत घातक चूक म्हणजे फटींत सिमेंट भरणं. वसाहतकार दोन ओंडक्यांमध्ये दगडाच्या चिपा किंवा लाकडी पाचरी ठोकायचे आणि वरून माती, चुना, गवत किंवा जनावरांचे केस मिसळलेला लेप द्यायचे. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. मऊ लेपाला तडा गेला की तो पुन्हा लिंपायचा, हे घरातलं नेहमीचंच काम होतं. सिमेंट मात्र हलत नाही. आकसलेल्या लाकडापासून ते बारीक चिरेने सुटतं, त्या चिरेतून पाणी शिरतं आणि आतच कोंडतं. बाहेरून लेप ठणठणीत दिसतो, मागे खालचा ओंडका कुजत असतो. असं सिमेंट आधीच भरलेलं असेल तर सुटे झालेले तुकडे छिन्नीने हलके काढा, घट्ट चिकटलेल्यावर घणाने घाव घालू नका. नवा लेप चुन्याचा द्या. तो बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा आणि वरच्या ओंडक्याच्या कडेपेक्षा थोडा आत घ्या.

तळाचा ओंडका कुजला म्हणून फक्त तो बदलणं ही दुसरी चूक. आर टोचून पाहा. ती सहज आत गेली तर लाकूड गेलंच. पण ते का गेलं? बहुधा जोत्याचे दगड रुतलेले असतात, भिंतीशी माती चढलेली असते किंवा पागोळ्यांचे शिंतोडे उडत असतात. आधी माती उतरवा, जमिनीचा उतार घरापासून दूर वळवा, वळचणीला पन्हळ लावा. नाहीतर नवा ओंडकाही त्याच वाटेने जाईल. घर जॅकवर उचलायचं असेल, तर ते जाणकाराचंच काम.

कोपऱ्यांच्या खाचाही नीट बघा. जुन्या कारागिरांनी त्या उतरत्या कापल्या, म्हणजे पाणी बाहेर निथळतं. बदललेल्या ओंडक्याला सपाट किंवा वर तोंड असलेली खाच दिली, तर तिथे पाणी साचणारच.

बाहेरच्या फळ्या उचकटून ‘अस्सल’ ओंडके उघडे करण्याची हौस आवरा. अनेक घरांवर त्या पूर्वीच्याच मालकांनी ठोकल्या होत्या, आणि त्यांच्यामुळेच लाकूड वाचलं. जाड व्हार्निशही नको.

एक गैरसमजही जाता जाता. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने, म्हणजे वसाहतकारांना सरकारी जमीन देणाऱ्या अमेरिकी कायद्याने, १६० एकर जमीन मिळवणारे सगळेच ओंडक्यांच्या घरात राहिले नाहीत. नेब्रास्काच्या माळावर झाडंच कमी, म्हणून तिथे मुळांसकट कापलेल्या गवताळ मातीच्या ठोकळ्यांची घरं उभी राहिली.

वयाबाबतही ऐकीव गोष्टींवर विसंबू नका. केंटकीतल्या हॉजेनव्हिल इथे लिंकनचं जन्मघर म्हणून जपलेल्या झोपडीचे ओंडके तपासले, तेव्हा झाडांच्या वाढीच्या वलयांवरून ते १८४० च्या दशकातले निघाले. लिंकनचा जन्म १८०९ चा. म्हणून बदललेला प्रत्येक ओंडका कुठला आणि कधी बसवला, याची नोंद ठेवा.