ओटीपोटाच्या तळाचे स्नायू: आवळण्याइतकेच सोडणेही शिकावे

खोकताना, शिंकताना किंवा वजन उचलताना लघवीचे थेंब निसटण्याची तक्रार बाळंतपणानंतर आणि रजोनिवृत्तीच्या सुमारास अनेक स्त्रियांना जाणवते; ती मुकाट्याने सोसत राहण्याचे काहीही कारण नाही. पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत पसरलेला स्नायूंचा थर मूत्राशय, गर्भाशय आणि मलाशय यांना खालून आधार देतो आणि तो सरावाने बळकट करता येतो. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये हा व्यायाम वैद्यकीय जगापुढे मांडला, म्हणून त्याला केगेल व्यायाम म्हणतात.

पहिले काम योग्य स्नायू ओळखण्याचे, आणि बहुतेक चुका इथेच होतात. पाठीवर झोपून गुडघे दुमडावेत, वायू सरू नये म्हणून आवळतो तसे गुदद्वार आवळावे आणि तोच ताण पुढे मूत्रमार्गापर्यंत नेऊन आत व वर ओढावा. नितंब किंवा मांड्या घट्ट होत असतील, अथवा श्वास रोखला जात असेल, तर जोर भलतीकडेच लागतो आहे असे समजावे. शंका असल्यास हातात छोटा आरसा धरून पाहावे: योनी आणि गुदद्वार यांमधला भाग किंचित आत ओढला गेला, तर कृती बरोबर आहे, तो बाहेर फुगला, तर आपण कुंथतो आहोत, आणि तसा सराव अपायकारकच ठरेल. लघवीची धार मध्येच थांबवणे हा व्यायाम म्हणून करू नये, कारण त्यामुळे मूत्राशय पुरते रिकामे न होण्याची शक्यता असते.

सुरुवातीला जमेल तेवढे, म्हणजे तीन-चार सेकंद, आवळून धरावे, निदान तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावे आणि हळूहळू दहा सेकंदांपर्यंत जावे. एका वेळी आठ ते दहा आवर्तने, दिवसातून तीनदा, असा क्रम किमान तीन महिने ठेवावा. त्याच्या जोडीला काही झटपट आवळणे-सोडणेही करावे. खोकला येणार असे वाटताच आधी आवळून घेण्याची सवय तर दिवसभर उपयोगी पडते.

मात्र हा व्यायाम सरसकट सर्वांसाठी नाही. संबंधाच्या वेळी वेदना, लघवी सुरू व्हायला वेळ लागणे, ओटीपोटात सततचे दुखणे अशी लक्षणे असतील, तर हे स्नायू दुबळे नसून कायमचे ताठरलेले असू शकतात आणि आणखी आवळण्याने त्रास वाढू शकतो. अशा वेळी पोट फुगेल असा खोल श्वास घेत तळ सैल सोडण्याचा सराव आधी करावा लागतो. नेमके काय आहे हे ठरवण्यासाठी या विषयातील फिजिओथेरपिस्ट, रुग्णेची संमती घेऊन, योनीमार्गातून स्नायूंची तपासणी करतात. माझ्या मते, शक्य असेल तिने ती व्यायाम सुरू करण्यापूर्वीच करून घ्यावी. लघवीतून रक्त जात असेल, लघवी अडत असेल किंवा योनीतून काही खाली उतरल्यासारखे वाटत असेल, तर व्यायामाने फरक पडेल याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.