जवानाच्या घरची ओढाताण: सुट्टीत उरकायची कामे आणि मागून घ्यायचे हक्क

लष्करात शिपाई म्हणून कायम सेवेत असलेल्या जवानाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार 21,700 रुपयांपासून सुरू होते. त्यात 5,200 रुपये सैनिकी सेवा वेतन आणि या दोन्हींवर महागाई भत्ता मिळतो. गावात हा पगार मोठा समजला जातो आणि जवानाच्या घराला कसली चिंता नाही असे लोक धरून चालतात. पण याच पगारातून गावाकडे आईवडिलांची चूल चालते, मुलांच्या शाळेसाठी पत्नीने तालुक्याच्या गावी घेतलेल्या खोलीचे भाडे जाते, बहिणीच्या लग्नाचे किंवा घराच्या स्लॅबचे कर्ज फिटत असते आणि राजस्थानातून किंवा अरुणाचलातून घरी येण्याजाण्याचा किरकोळ खर्चही त्यातच असतो. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातल्या सैनिक कुटुंबांचे अर्ज भरून देताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली आहे. पगार तुटपुंजा असणे हे दुःख खरेच आहे, परंतु घर खऱ्या अर्थाने कोसळते ते कागद चुकीचा असल्यामुळे, कारण हक्काचा पैसा ज्या दिवशी सर्वांत जास्त लागतो नेमका त्याच दिवशी तो अडकतो. म्हणून जवानाला वर्षाकाठी मिळणाऱ्या 60 दिवसांच्या वार्षिक रजेतले निदान चार दिवस शेतीच्या आणि लग्नसराईच्या कामांतून बाजूला काढावेत आणि पुढील कामे त्या दिवसांत पुरी करावीत.

नाव आणि जन्मतारीख

सर्वांत आधी घरातल्या प्रत्येकाचे नाव सगळ्या कागदांवर एकसारखे आहे का, हे तपासावे. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची प्रथा अजून पुष्कळ घरांत आहे. त्यामुळे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरे आणि जवानाच्या सेवानोंदीत तिसरेच, अशी स्थिती सर्रास आढळते. लग्न झाले, मूल जन्मले, की त्याची नोंद युनिटकडून ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये, म्हणजे सेवानोंदीत बदल करणाऱ्या अधिकृत आदेशात, होते आणि पुढे फॅमिली पेन्शनपासून मुलांच्या शिक्षण भत्त्यापर्यंत सर्व काही त्या एका नोंदीवर उभे राहते. ही नोंद झालीच नसेल, किंवा माहेरचे नाव घातले गेले असेल, तर जवान सेवेत असेपर्यंत ती युनिटमार्फत दुरुस्त करून घेणे तुलनेने सोपे असते. त्यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र आणि नाव बदलले असल्यास महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील प्रसिद्धी हे कागद तयार ठेवावेत. निवृत्तीनंतर हेच काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत संबंधित रेकॉर्ड ऑफिसकडे, म्हणजे मराठा लाईट इन्फंट्रीच्या जवानाच्या बाबतीत बेळगावला, पाठवावे लागते. आणि पतीच्या पश्चात ते एकट्या बाईच्या गळ्यात पडते.

जन्मतारखेचेही तसेच आहे. आमच्या भागात निम्म्या म्हाताऱ्या माणसांची जन्मतारीख शाळेच्या गुरुजींनी 1 जून लावलेली असते आणि अनेक आजींच्या बाबतीत तर तीही नसते. पेन्शनधारकाचे किंवा फॅमिली पेन्शन घेणाऱ्या व्यक्तीचे वय 80 पूर्ण झाले की मूळ पेन्शनमध्ये 20 टक्के वाढ मिळते आणि पुढे दर पाच वर्षांनी ती वाढत जाते. मात्र पेन्शनच्या आदेशात, म्हणजे पीपीओमध्ये, जन्मतारीखच नोंदलेली नसेल तर ही वाढ आपोआप लागू होत नाही आणि थकलेल्या माणसाला ती मागायची असते हेही ठाऊक नसते. घरात अशा वयाची आजी असेल, तर आजच पीपीओ काढून पाहावा.

नॉमिनी कोण, हा नाजूक प्रश्न

भरतीच्या वेळी अविवाहित मुलगा सगळीकडे आईचे नाव लावतो आणि लग्नानंतर ते बदलायचे राहून जाते. मग दुर्घटना घडली की सासू आणि सून, दोघीही सारख्याच दुःखात बुडालेल्या असताना, पैशावरून समोरासमोर उभ्या राहतात. हे मी पाहिले आहे आणि ते पाहवत नाही. यात समजून घ्यायची गोष्ट अशी की फॅमिली पेन्शन नॉमिनेशनवर ठरत नाही. ती नियमाने प्रथम पत्नीला मिळते. याउलट आर्मी ग्रुप इन्शुरन्स, भविष्य निर्वाह निधी (जवान ज्याला एएफपीपी फंड म्हणतात तो) आणि बँकेतील खाते यांची रक्कम नॉमिनेशनप्रमाणे हाती दिली जाते. माझे मत असे की जवानाने सुट्टीत आईवडील आणि पत्नी यांना एकत्र बसवून विम्याच्या रकमेतील हिस्से सर्वांसमक्ष ठरवावेत, त्याप्रमाणे युनिटमध्ये नॉमिनेशन बदलून घ्यावे आणि त्याची प्रत घरी ठेवावी. पत्नीला दरमहा पेन्शनचा आधार राहणार असेल, तर म्हाताऱ्या आईवडिलांसाठी विम्यातील काही भाग राखणे न्यायाचे होईल, पण किती, ते त्या घराने ठरवायचे.

पगाराचे खाते बँकेच्या संरक्षण दलांसाठीच्या विशेष वेतन योजनेत आहे की साधे बचत खाते म्हणूनच चालू आहे, हेही त्याच फेरीत शाखेत जाऊन विचारावे. कारण त्या योजनेत अपघात विम्याचे संरक्षण वेगळा हप्ता न भरता मिळते आणि ते खाते तसे नोंदवलेले नसेल तर मिळत नाही.

महिन्याचा मेळ

पे स्लिप पत्नीला दाखवण्याची सवय अनेक घरांत नसते. ती लावून घ्यावी. हाती किती येते, फंडात किती जाते, कर्जाचा हप्ता किती कापला जातो, हे घर चालवणारीला ठाऊक नसेल तर काटकसर कशाची करायची हेही तिला कळणार नाही. सेवेत असलेल्या जवानाला दोन मुलांपर्यंत शिक्षण भत्ता मिळतो. मूळ दर दरमहा प्रत्येक मुलामागे 2,250 रुपये होता आणि जानेवारी 2024 पासून तो 2,812.50 रुपये झाला आहे. म्हणजे दोन मुलांचे मिळून वर्षाला 67,500 रुपये होतात आणि कित्येक घरांत शाळेची फी यापेक्षा कमी असते. त्यासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचे ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. शैक्षणिक वर्ष संपताच ते पत्नीने शाळेतून घेऊन युनिटला पाठवावे. सुट्टीची वाट पाहत हे काम पुढे ढकलू नये.

तातडीचा पैसा लागला तर वैयक्तिक कर्जाकडे किंवा मोबाईलवरच्या कर्जाच्या ॲपकडे जाण्याआधी फंडातील अग्रिम मागावा, कारण तो आपलाच पैसा असतो. सावकाराकडे जायची पाळी आलीच असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 प्रमाणे परवान्याशिवाय व्याजाचा धंदा करणे गुन्हा आहे हे लक्षात ठेवावे. कोऱ्या धनादेशावर किंवा जमिनीच्या खरेदीखतावर सही मागणाऱ्याविरुद्ध तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे तक्रार करता येते.

अग्निवीराच्या घरासाठी वेगळा हिशेब

2022 पासून शिपाई म्हणून होणारी भरती अग्निपथ या चार वर्षांच्या सेवेच्या योजनेतून होते, त्या जवानाला अग्निवीर म्हणतात, आणि तिचा हिशेब जुन्या नोकरीच्या हिशेबाने मांडणे ही आज आमच्या गावांतली सर्वांत मोठी चूक आहे. पहिल्या वर्षी दरमहा 30,000 रुपये ठरलेले असले, तरी त्यातले 9,000 सेवा निधीत, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या फंडात, जातात आणि हाती 21,000 येतात. चौथ्या वर्षी हाती येणारी रक्कम 28,000 असते. चार वर्षांनंतर शासनाचा तेवढाच वाटा आणि व्याज मिळून सुमारे 11.71 लाख रुपये करमुक्त मिळतात, परंतु पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नसते, माजी सैनिकांची आरोग्य योजनाही नसते, आणि तुकडीतील 25 टक्क्यांपर्यंतच जवान पुढे कायम होतात. म्हणून अग्निवीराच्या भरवशावर चार वर्षांपेक्षा लांब मुदतीचे कोणतेही कर्ज घेऊ नये. भरती अकॅडमीची फी भरण्यासाठी काढलेले कर्ज आधी फेडावे, आणि सेवा निधीच्या रकमेतून बुलेट किंवा बंगल्याचा विचार करण्यापूर्वी मुलाच्या पुढच्या शिक्षणाचा किंवा व्यवसायाचा आराखडा कागदावर मांडावा. सेवाकाळासाठी 48 लाखांचा विमा शासनाकडून असतो. त्याचे नॉमिनेशनही वर सांगितल्याप्रमाणे तपासावे.

निवृत्तीची रक्कम

शिपायाला पेन्शनसाठी 15 वर्षांची सेवा लागते, त्यामुळे तो साधारण पस्तिशी-चाळिशीतच घरी येतो, म्हणजे मुलांचा खर्च सुरू होण्याच्या ऐन वेळी. पेन्शनचा निम्म्यापर्यंत भाग विकून, म्हणजे कम्यूट करून, एकरकमी पैसे घेता येतात, आणि तेवढी पेन्शन 15 वर्षांपर्यंत कमी होते. ही रक्कम खात्यावर आल्याची बातमी गावात लपत नाही. महिन्याला दहा टक्के देतो म्हणणारे, शेअर बाजारात दुप्पट करून देतो म्हणणारे, आणि दुर्दैवाने पुष्कळदा जुने सहकारीच, दारात येतात. पोस्ट, राष्ट्रीयीकृत बँक आणि मुलीसाठी सुकन्या समृद्धी यांपलीकडे पहिले वर्षभर एक रुपयाही हलवू नये, असे मी प्रत्येकाला सांगतो. सुरक्षारक्षकाच्या नोकरीसाठी पुण्यातील महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळाकडे, म्हणजे मेस्कोकडे, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवावे. माजी सैनिकाच्या एका घराची घरपट्टी माफ करण्याची राज्याची योजना आहे, त्यासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज द्यावा.

अनुदाने

केंद्रीय सैनिक बोर्डाकडून हवालदार पदापर्यंतच्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना मदत मिळते. 1 नोव्हेंबर 2025 पासून आलेल्या अर्जांसाठी तिचे दर दुप्पट झाले आहेत. ज्यांना पेन्शन नाही आणि वय 65 च्या पुढे आहे अशांना दरमहा 8,000 रुपये, दोन मुलांपर्यंत पहिलीपासून पदवीपर्यंत शिक्षणासाठी प्रत्येकी दरमहा 2,000 रुपये, आणि दोन मुलींपर्यंत लग्नासाठी, तसेच विधवेच्या पुनर्विवाहासाठी, एक लाख रुपये अशी ही मदत आहे. 15 वर्षे पुरी होण्याआधी सेवेतून मोकळे झालेले म्हातारे शिपाई आजही गावोगाव आहेत. त्यांच्या घरी डिस्चार्ज बुक, म्हणजे सेवामुक्तीचे पुस्तक, पत्र्याच्या पेटीत पडून असते आणि त्या पुस्तकावर मदत मिळते हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मुलाने किंवा मुलीने बारावीला 60 टक्के मिळवून अभियांत्रिकी, वैद्यकीय किंवा अशाच व्यावसायिक पदवीला प्रवेश घेतला असेल, तर पंतप्रधान शिष्यवृत्तीसाठी पहिल्याच वर्षी अर्ज करावा. मुलींना दरमहा 3,000 आणि मुलांना 2,500 रुपये मिळतात. हे सगळे अर्ज ऑनलाईन भरले जातात आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून पडताळले जातात, त्यामुळे मूळ कागद घेऊन एकदा तिथे जावेच लागते. एका कागदासाठी दुसरी फेरी पडू नये म्हणून डिस्चार्ज बुक, पीपीओ, ओळखपत्र, आधार, बँक पासबुक आणि मुलांच्या गुणपत्रिका एकाच पिशवीत न्याव्यात.

पतीच्या निधनानंतर

सेवेत असताना मृत्यू झाल्यास सर्वसाधारण फॅमिली पेन्शन पहिली दहा वर्षे शेवटच्या वेतनाच्या 50 टक्के आणि नंतर 30 टक्के असते. सेवेमुळे उद्भवलेल्या कारणाने मृत्यू झाल्यास 60 टक्के आणि युद्धजन्य कारवाईत झाल्यास 100 टक्के दराने पेन्शन मिळते. म्हणूनच मृत्यूचे कारण कागदावर काय लिहिले गेले आहे, हे वीरपत्नीने किंवा तिच्या भावाने नीट वाचून, समजून घ्यावे. दुःखाच्या त्या दिवसांत समोर येईल त्या कागदावर सही करू नये, प्रत्येक कागदाची प्रत मागून घ्यावी. निवृत्त पतीच्या निधनानंतर मृत्यूचा दाखला घेऊन ‘स्पर्श’ या पेन्शन प्रणालीवर नोंद करावी लागते. घरी इंटरनेट नसेल तर स्पर्शचे काम करणाऱ्या बँक शाखेतून किंवा सामाईक सेवा केंद्रातून ती होते. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो आणि तो चुकला की पेन्शन थांबते.

पती हयात आहे, पगार मिळवतो, पण घरी पैसे पाठवत नाही, ही तक्रार घेऊन येणाऱ्या स्त्रिया कमी नाहीत आणि त्या फार हळू आवाजात बोलतात. त्यांना हे ठाऊक असावे की लष्करी कायद्यानुसार पत्नी आणि मुलांच्या निर्वाहासाठी जवानाच्या वेतनातून 33 टक्क्यांपर्यंत रक्कम कापून थेट त्यांना देण्याची तरतूद आहे. त्यासाठी युनिटच्या कमांडिंग ऑफिसरांच्या नावे साध्या मराठीत किंवा हिंदीत अर्ज लिहून, विवाहाचा पुरावा आणि मुलांचे जन्मदाखले जोडून, स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पोचपावती जपून ठेवावी. वकिलाची गरज भासली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे, कारण तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पेन्शनचा दावा फेटाळला गेला असेल, तर आधी लेखी अपील करावे आणि तेही नाकारले गेले तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे दाद मागता येते. नकाराचे पत्र हातात पडले की त्यावरची तारीख त्याच दिवशी टिपून ठेवावी, कारण अपिलाची मुदत मोजायला तीच तारीख लागते.