पानावर अनोळखी तुडतुडा दिसला तर आधी बाटली शोधा

तुडतुड्याची, म्हणजे पानांतला रस शोषणाऱ्या बारीक किड्याची, नवी प्रजाती सापडल्याची बातमी आली की लगेच विचारणा सुरू होते, ‘यावर कोणतं औषध मारायचं?’ बहुतेक वेळा उत्तर एकच असते, कोणतेही नाही. ‘नवी’ म्हणजे शास्त्राला नवी. तो किडा त्या झाडाझुडपांत आधीपासूनच राहत होता, त्याला नाव तेवढे आता मिळाले. जगात तुडतुड्यांच्या २०,००० हून अधिक प्रजातींची नोंद आहे आणि त्यांतल्या पिकाला खरोखर जड जाणाऱ्या अगदी मोजक्या. पुष्कळ नव्या प्रजातींचे वर्णन तर प्रकाश सापळ्यात आलेल्या चार-दोन नमुन्यांवरून होते. तो कोणत्या झाडावर जगतो, हेही तेव्हा कळलेले नसते.

त्यामुळे बातमी वाचून पंप काढू नका. पण पावसाने उघडीप दिली आहे, हवा दमट आहे, आणि ओळखीचे तुडतुडे वाढायला हेच दिवस सोयीचे. कपाशी, भेंडी, वांगी असेल तर आठवड्यातून एकदा शेतात तिरपे फिरून २० झाडे निवडा. प्रत्येक झाडाचे वरचे, मधले आणि खालचे पान हळूच उलटून पिल्ले मोजा. हात लागताच खेकड्यासारखी तिरकी पळतात ती तुडतुड्याची पिल्ले. मावा असा पळत नाही. कपाशीत दर पानाला सरासरी २ ते ३ पिल्ले भरली, किंवा पानांच्या कडा पिवळ्या पडून मुरगळू लागल्या, की उपाय करायचा. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो, मात्र पानांच्या खालच्या बाजूला पोचला पाहिजे. अंडी पानाच्या शिरांमध्ये घातलेली असतात, त्यांना फवारा लागत नाही. म्हणून फवारणीनंतर आठवड्याने पुन्हा मोजणी हवीच. रासायनिक औषध घ्यावेच लागले तर त्या पिकासाठी शिफारस असलेलेच घ्या, आणि एकाच गटातले औषध लागोपाठ मारू नका. युरिया हात सैल सोडून टाकलेल्या लुसलुशीत पिकावर तुडतुडे जास्त येतात, हे जाता जाता.

आता अनोळखी किड्याचे. रंग निराळा, ठिपके निराळे, म्हणून प्रजाती निराळी असे होत नाही. एकाच प्रजातीत नर-मादीचे रंग वेगळे असू शकतात, ठिपके कमी-जास्त होतात. उलट बाहेरून अगदी जुळे दिसणारे दोन तुडतुडे वेगवेगळ्या प्रजातींचे निघतात. खरा निवाडा नराच्या जननेंद्रियांच्या आकारावर होतो. त्यासाठी तज्ज्ञ पोटाचा टोकाकडचा भाग अल्कलीच्या द्रावणात उकळून, स्वच्छ करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. नुसत्या माद्या पाठवल्या तर अनेकदा हात हलवत परत यावे लागते, म्हणून दहा-बारा नमुने तरी गोळा करा, त्यांत नर येतातच.

गोळा करायचे ते भल्या सकाळी. गारव्यात किडे सुस्त असतात. पानाखाली लहान काचेची बाटली धरून टिचकी मारा किंवा जाळी फिरवा. पिवळ्या चिकट सापळ्यावरचे नमुने शक्यतो नकोत, डिंकातून सोडवताना पायाचे काटे तुटतात, आणि मागच्या पायावरची काट्यांची रांग हीच तर तुडतुड्याची पहिली ओळख. मारण्याआधी जिवंतपणीचा जवळून फोटो घ्या, कारण अल्कोहोलमध्ये हिरवा रंग उडून पिवळा होतो. हिरवा धूसर ठिपका आणि मागे अंगठा, एवढ्याच फोटोवरून कोणी नाव सांगितले तर विश्वास ठेवू नका. नमुने ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. डीएनए तपासणी व्हायची असेल तर काही नमुने ९५ टक्क्यांत वेगळे. आत कागदाची चिठ्ठी टाका: तारीख, ठिकाण, पीक, गोळा करणाऱ्याचे नाव. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

या चिठ्ठीत आणखी एक गोष्ट लिहा, ती सगळ्यात मोलाची: त्या झाडावर पिल्ले दिसली का? प्रौढ उडून कुठेही बसतो. पिल्लांना पंख नसतात, म्हणजे ती बहुधा त्याच झाडावर जन्मली आणि वाढली. नुसते प्रौढ दिसले तर तो वाटसरू असू शकतो, पिल्ले आढळली तर पीक त्याच्या आहारात आहे असे धरून चाला. शेजारच्या तणावर पिल्ले आहेत का, तेही पाहा. पाने बारीक होऊन झुपका धरत असतील, वांग्यातल्या बोकड्या रोगासारखी, तर तेही नोंदवा. काही तुडतुडे रस शोषताना फायटोप्लाझ्मा या जिवाणूंसारख्या सूक्ष्मजीवांमुळे होणारे रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. अशा झाडांवर किडे थोडे असले तरी दुर्लक्ष नको, ती झाडे उपटून नष्ट करा.

नमुने जवळच्या कृषी संशोधन केंद्रातील कीटकशास्त्रज्ञाकडे द्या. निम्मे स्वतःजवळ ठेवा, वाटेत बाटली फुटते. उत्तराला वेळ लागतो. नवी प्रजाती ठरवायची तर जुन्या नावांशी ताडून पाहावे लागते, आणि नावांचा गोंधळ काही कमी नाही. कपाशीच्या तुडतुड्याला १९१३ मध्ये ‘बायगुट्टुला’ म्हणजे दोन ठिपक्यांचा असे नाव मिळाले, १९१८ मध्ये ‘डेव्हास्टन्स’ असे दुसरे. किडा तोच, पण जुन्या पुस्तिकांत दोन्ही नावे भेटतात.

नाव येईपर्यंत आठवड्याची मोजणी चालू ठेवा आणि आकडे वहीत लिहा. दर पानावरची पिल्ले वाढत नसतील, आणि किडी खाणारे ढालकिडे, क्रायसोपा (जाळीदार पंखांचा हिरवट कीटक) आणि कोळी दिसत असतील, तर फवारणीचा खर्च वाचवा.