ऑक्टोबरमध्ये कळसूबाई: एका दिवसाच्या चढाईचे नियोजन

महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेले कळसूबाई (१६४६ मीटर) अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याजवळ आहे आणि पायथ्याच्या बारी गावातून निघून एका दिवसात शिखर गाठून परतता येते. नवरात्रापासून दिवाळीपर्यंतचा काळ मला यासाठी सर्वांत आवडतो. धुके विरळ झालेले असते, गवताचा हिरवा रंग पुरता गेलेला नसतो आणि उतारांवर सोनकीची पिवळी फुले असतात. मात्र याच दिवसांत ऑक्टोबरचे ऊन आणि परतीच्या पावसातल्या विजा, अशा दोन गोष्टींपासून जपावे लागते. दोन्हींवर उपाय एकच आहे, तो म्हणजे पहाटे निघणे.

म्हणूनच आदल्या रात्री बारीत मुक्काम करावा. मुंबईहून येणाऱ्यांनी रेल्वेने कसाऱ्याला उतरून घोटीमार्गे बारी गाठावी. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर हा रस्ता सोयीचा पडतो. गावातील घरांमध्ये राहण्या-जेवण्याची सोय होते, परंतु किती माणसे येणार आणि सकाळी किती वाजता निघणार, हे आधी कळवावे, म्हणजे घरच्यांची धावपळ होत नाही. नवरात्रात शिखरावरील देवीच्या दर्शनाला पंचक्रोशीतील माणसे मोठ्या संख्येने येतात. त्या दिवसांत जायचे असल्यास वाटेत थांबावे लागणार, हे गृहीत धरावे.

पाठीवरच्या पिशवीत माणशी किमान तीन लिटर पाणी असावे. शिखराच्या खाली विहीर आहे, पण तिच्या भरवशावर पाणी कमी नेऊ नये. केवळ पाणी पीत राहिल्याने घामावाटे गेलेले क्षार भरून निघत नाहीत, म्हणून ओआरएसची दोन पाकिटे किंवा लिंबू, मीठ आणि साखर सोबत ठेवावी. टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, तळव्याला खोल खाचा असलेले बूट, विजेरी आणि हलका रेनकोट एवढे पुरे होते. बूट मात्र नवेकोरे नकोत. अत्तर किंवा उग्र वासाची प्रसाधने टाळावीत आणि वाटेत धूर करू नये, कारण सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात आणि वासाने किंवा धुराने माश्या चवताळतात.

ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य साधारण साडेसहाला उगवतो. पाचच्या सुमारास विजेरीच्या उजेडात गाव सोडले, तर शेतांमधली वाट अंधारात सरते आणि पहिला खडा चढ गारव्यात होतो. एकूण आठशे मीटरहून अधिक चढायचे असल्याने सुरुवातीलाच घाई करू नये. बोलता बोलता चालता येईल, एवढाच वेग ठेवावा आणि गटातील सर्वांत सावकाश चालणाऱ्याला पुढे घ्यावे. सवय असलेल्यांना तीन तास पुरतात. नवख्यांनी चार तास धरावेत.

अवघड कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. एका वेळी मोजकीच माणसे शिडीवर असावीत, पुढच्याच्या पायाखाली आपले डोके येणार नाही एवढे अंतर ठेवावे आणि दोन्ही हात मोकळे असावेत. मोबाइल खिशातच राहू द्यावा. उतरताना तोंड शिडीकडे करावे. पावसाळ्यानंतर सावलीतल्या कातळावर शेवाळ टिकून असते, तेथे पाऊल जपून टाकावे.

साडेनऊपर्यंत माथ्यावर पोहोचल्यास हवा बहुधा स्वच्छ मिळते. भंडारदऱ्याचा जलाशय, पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग, दक्षिणेकडे रतनगड, हे सारे ओळखत तासभर सहज जातो. माथा मात्र अकराच्या आत सोडावा. एका वर्षी मी निघायलाच दहा वाजवले, माथ्यावर दुपारी पोहोचलो आणि तीनच्या सुमारास ढग गडगडू लागले तेव्हा आम्ही नेमके शिड्यांच्या वर होतो. लोखंडाला हात लावायचा नाही आणि त्यावाचून खाली उतरता येत नाही, अशा स्थितीत घालवलेला तो तास मला अजून आठवतो. तशी वेळ आलीच, तर माथा सोडून सखल जागी यावे, शिडी व कठड्यांपासून दूर राहावे, एकट्या झाडाखाली थांबू नये, एकमेकांत अंतर ठेवून उकिडवे बसावे आणि गडगडाट थांबल्यावरही अर्धा तास जाऊ द्यावा.

उतरताना गुडघ्यांवर भार येतो आणि सुकू लागलेल्या मुरमाच्या घसाऱ्यावर पाय सरकतो, त्यामुळे काठी उपयोगी पडते. पावले लहान, गुडघे किंचित वाकलेले आणि बुटांची नाडी घोट्यापाशी घट्ट असावी, म्हणजे बोटे पुढे आपटत नाहीत. हा परिसर अभयारण्यात येतो, म्हणून खाऊची वेष्टने आणि रिकाम्या बाटल्या पिशवीतून खाली आणाव्यात. दोनपर्यंत बारीत पोहोचल्यास गरम पिठले-भाकरी खाऊनही उजेड असतानाच घोटीची गाडी गाठता येते.