पतसंस्थेची सिस्टीम बॅकअपवरून परत उभी करताना

सांगलीत सिस्टीमच्या कामाला नव्याने लागलात, की वाट्याला पतसंस्था येतात, नाहीतर मार्केट यार्डातली हळद-बेदाण्याची अडत दुकानं. बॅकअप घ्यायला सगळेच शिकवतात. तो परत बसवायची वेळ येते तेव्हा मात्र काउंटरवर सभासद ताटकळत असतात. म्हणून हे काम आधी एखाद्या रिकाम्या मशीनवर करून हात बसवा. खालचं वर्णन लिनक्स आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस धरून आहे.

बंद पडलेल्या सर्व्हरच्या डिस्कवर रिस्टोअर कधीच करू नका. शेवटच्या बॅकअपनंतरच्या नोंदी कुठे सापडल्याच तर तिथेच सापडतील. ती डिस्क काढून बाजूला ठेवा आणि नव्या डिस्कवर काम सुरू करा.

आर्काइव्ह, म्हणजे बॅकअपची दाबून बांधलेली फाइल, उघडण्याआधी ते शाबूत आहे का ते बघा. बॅकअप घेताना शा-२५६ चेकसम (फाइलवरून काढलेला, तिची ओळख पटवणारा आकडा) लिहून ठेवला असेल तर तो जुळवा, नसेल तर निदान 'जीझिप -टी' ही फाइल तपासणारी कमांड चालवा. फाइल मध्येच संपल्याची तक्रार आली तर ती बहुधा कॉपी होतानाच अर्धवट राहिलेली असते. पेन ड्राइव्ह फॅट-३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर मावतच नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मग डिस्कवर किती जागा आहे ते पाहा. डेटाबेसचा डंप म्हणजे नुसता मजकूर, तो उघडल्यावर कित्येक पट फुगतो. सह्या आणि फोटोंचे स्कॅन जवळपास तेवढेच राहतात. डेटाबेसमध्ये भरताना इंडेक्स, म्हणजे नोंदी लवकर शोधायच्या सूची, वेगळी जागा खातात. रिस्टोअर चालू असताना डिस्क भरली, तर काही टेबलं भरलेली आणि काही रिकामी अशी अवस्था होते.

आता नेटवर्कची केबल काढा. रिस्टोअर केलेली सिस्टीम सुरू झाली की तिच्यातली ठरलेल्या वेळेची कामंही सुरू होतात, आणि थकीत हप्त्याचे जुने एसएमएस सभासदांच्या मोबाइलवर जाऊन पडतात. ही कामं चालवणारा क्रॉन बंद करा, एसएमएस सेवेची की (तिचा पासवर्ड) कॉन्फिगमधून काढा, मगच पुढे जा.

मायएसक्यूएलची आवृत्ती शक्यतो जुन्या सर्व्हरवर होती तीच घाला. आधी डेटाबेस भरा, मग फाइली, आणि प्रोग्राम सगळ्यात शेवटी सुरू करा. खरी गोम पुढेच आहे. बॅकअप घेणारी मायएसक्यूएल-डंप ही कमांड ट्रिगर (नोंद बदलली की आपोआप चालणारे) घेते, पण प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्राम) आणि इव्हेंट (ठरलेल्या वेळी चालणारे) वेगळे सांगितल्याशिवाय घेत नाही. त्यामुळे प्रोग्राम उघडतो, खाती दिसतात, पावतीही निघते. व्याज आकारणीचं बटण दाबल्यावर कळतं की प्रोसीजरच नाही. ती असूनही १४४९ क्रमांकाची एरर आली, तर ज्या युजरच्या नावाने ती लिहिली होती तो युजर नव्या मशीनवर नाही असं समजा.

सभासदांची नावं एकदा डोळ्यांनी वाचा. देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर हेक्स फंक्शनने खरी साठवण बघा. अक्षरांच्या जागी ३एफ, ३एफ (हा प्रश्नचिन्हाचाच कोड) असं आलं तर त्या प्रतीतली नावं गेली. कॅरेक्टर सेट (अक्षरं कोणत्या कोडमध्ये साठवायची ते सेटिंग) नीट लावून रिस्टोअर पुन्हा करा. ई०ए४ किंवा ई०ए५ ने सुरू होणारे, म्हणजे देवनागरी अक्षरांचे, तुकडे दिसले तर डेटा ठीक आहे, फक्त कनेक्शनचं सेटिंग चुकलंय.

आर्काइव्हमधल्या फाइली रूटऐवजी (मुख्य युजरऐवजी) साध्या युजरने उघडून बाहेर काढल्या तर त्यांची मालकी त्याच युजरकडे जाते आणि वेब सर्व्हरला नवीन सही अपलोड करता येत नाही. यावर ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं करायची परवानगी देऊन मोकळं होऊ नका, मालकी दुरुस्त करा.

लॉगिन झालं म्हणजे काम झालं असं नाही. बॅकअपच्या दिवसाची छापील किर्द (रोजच्या व्यवहारांची वही) हातात घ्या. अखेरची रोख शिल्लक, तेरजेच्या (सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या यादीच्या) दोन्ही बाजू, शेवटचा पावती क्रमांक आणि चार-पाच कर्जखात्यांची बाकी पैशांपर्यंत जुळली पाहिजे. एक नवी पावती करून बघा आणि ती रद्द करा, मग हीच प्रत पुन्हा नव्याने भरा.

प्रत कुठे ठेवायची हेही इथे नदी बघून ठरवावं लागतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावभागातल्या कचेरीतल्या सर्व्हरची प्रत त्याच इमारतीच्या कपाटात ठेवून भागत नाही. एक प्रत मिरज किंवा कुपवाडच्या बाजूला हवी, आणि ती एन्क्रिप्ट केली असेल तर पासवर्ड त्याच सर्व्हरवर नको, लिफाफ्यात सील करून बँकेच्या लॉकरमध्ये हवा.

बॅकअपनंतरच्या नोंदी व्हाउचरवरून क्रमाने चढवा. पिग्मी एजंटच्या (दारोदार रोजची बचत गोळा करणाऱ्याच्या) मशीनमधलं कलेक्शन सगळ्यात शेवटी घ्या, आणि घेण्याआधी त्या एजंटची शेवटची जमा तारीख खात्यात बघा. नाहीतर एकच रक्कम दोनदा जमा पडते आणि ती शोधायला एकेक खातं उघडावं लागतं.