सीसी बघून मायलेज ठरवताय? या चुका टाळा

गाडी घेताना पहिला प्रश्न असतो ‘किती सीसी?’ आणि पाठोपाठ निष्कर्ष: सीसी कमी, म्हणजे मायलेज जास्त. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

पिस्टन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना जेवढी जागा व्यापतो, तिची सगळ्या सिलिंडरची बेरीज म्हणजे सीसी. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७१.५ मिमी, सिलिंडर चार, की झालं ११९७ सीसीचं इंजिन. टर्बो त्याच जागेत हवा दाबून भरतो. जास्त हवा आली की पेट्रोलही त्याच प्रमाणात जास्त जातं, त्यातून सुटका नाही.

एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, आत पाच माणसं, टपावर सामान आणि लांबलचक चढ. एरवी वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल लागतं. एवढ्या लोडवर मात्र एक्झॉस्ट आणि टर्बो फार तापू नयेत म्हणून बऱ्याच इंजिनांत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, मिश्रण रिच करतो, म्हणजे त्यात पेट्रोलचं प्रमाण वाढवतो. जादा पेट्रोलचा बराचसा भाग नुसता थंडाव्यासाठी खर्ची पडतो. मायलेज कोसळलं की लोक इंजेक्टर साफ करून घेतात, प्लग बदलतात. दोष तिथे नसतोच. टपावरचं कॅरियर काढा. वेग ताशी १०० वरून ८० वर आणा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे तो थेट ३६ टक्क्यांनी घटतो. नेहमीच भरलेली गाडी चालवणार असाल तर मोठं इंजिनच घ्या. मायलेज वाढवतो म्हणणारी जोडयंत्रं आणि पेट्रोलमध्ये ओतायच्या द्रवाच्या बाटल्या यांच्या नादी लागू नका.

शहरातल्या गर्दीत उलटं होतं, तिथे छोटं इंजिन बरं. मोठ्या पेट्रोल इंजिनाचा थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जेमतेम उघडा असतो, त्या फटीतून हवा ओढण्यातच ताकद वाया जाते.

पेट्रोल वाचवायला चढावर पाचव्या गीअरमध्ये १२०० आरपीएमवर गाडी रेटणं सोडा. थरथर जाणवली की गीअर उतरवा. छोट्या टर्बोला याचा त्रास जास्त.

एका टाकीवरून मायलेज ठरवणं हा निव्वळ उतावळेपणा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा, निदान ४०० किमी चालवा, त्याच पंपावर तसंच भरा. किलोमीटरला दुसऱ्या वेळच्या लिटरने भागा. असं तीनदा करून सरासरी काढा. टायर मूळ मापापेक्षा मोठे टाकले असतील तर ओडोमीटर कमी किलोमीटर दाखवतो, तो फरक आधी धरा.