ॲपमध्ये ऑडिओ टाकताय? या चुका टाळा

मीडियाप्लेयर (अँड्रॉइडमधला ऑडिओ वाजवणारा तयार भाग) घेतला, फाईल दिली, स्टार्ट म्हटलं की आवाज येतो. खऱ्या तक्रारी त्यानंतर सुरू होतात. पट्टी सरकवली तरी आवाज तसाच, फोन आला तरी ॲपमधली ऑडिओ गोष्ट पुढे चालूच, इअरफोन निघाला की भर बसमध्ये स्पीकर सुरू. यातल्या बहुतेकांचं मूळ एकच आहे: फोनचा आवाज सगळ्या ॲप्सचा सामाईक असतो आणि कोड मात्र तो आपल्या एकट्याचा आहे असं धरून लिहिलेला असतो. इथले बहुतेक तपशील अँड्रॉइड आणि त्यावर ॲप लिहायच्या कोटलिन भाषेचे आहेत.

दोन आवाजांची गल्लत

प्लेयरचा स्वतःचा आवाज ०.० ते १.० असतो, तो सेटव्हॉल्यूमने बदलतो. फोनचा मीडिया व्हॉल्यूम वेगळा. तो पूर्णांकात असतो आणि सेटस्ट्रीमव्हॉल्यूमने बदलतो. बऱ्याच फोनवर त्याच्या १५ पायऱ्या असतात, पण कंपनीगणिक आकडा बदलतो, म्हणून तो गेटस्ट्रीममॅक्सव्हॉल्यूमकडूनच घ्या. ० ते १०० ची पट्टी थेट इथे जोडली, तर १५ च्या पुढे कितीही सरकवा, फरक पडत नाही.

प्लेयरला जोडताना उलटी गंमत होते. प्रोग्रेस (पट्टीचा आकडा) भागिले १०० हा भागाकार पूर्णांकात झाला, तर ० पासून ९९ पर्यंत उत्तर शून्यच येतं. पट्टी पूर्ण टोकाला नेली तरच आवाज येतो आणि माणूस तासभर फाईलमध्ये दोष शोधत बसतो. १०० ऐवजी १००एफ लिहा, म्हणजे भागाकार दशांशात होतो.

तेवढ्यानेही पट्टी नीट वागत नाही. ०.५ म्हणजे फक्त ६ डेसिबल कमी, आणि कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात. त्यामुळे पट्टी मध्यावर आली तरी फारसा फरक जाणवत नाही आणि शेवटच्या टोकाला आवाज एकदम कोसळतो. उपाय सोपा आहे. पट्टीच्या आकड्यातून १०० वजा करा आणि ०.४ ने गुणा. हे डेसिबल झाले. त्यांना २० ने भागून आलेला आकडा १० चा घात म्हणून वापरा. ७५ वर ०.३२ मिळतं, ५० वर ०.१. पट्टी शून्यावर असताना मात्र हे सूत्र ०.०१ देतं, म्हणून तिथे ०.० स्वतंत्रपणे द्या.

मुळात ॲपमध्ये वेगळी पट्टी लागते का, हेही विचारा. रियाजाच्या ॲपमध्ये तानपुरा आणि तबला कमीजास्त करायचे असतात, तिथे ती हवीच. नुसत्या गोष्टी ऐकवायच्या असतील तर फोनची बटणं पुरतात. ऑनक्रिएटमध्ये (पडदा बनताना चालणाऱ्या कोडमध्ये) व्हॉल्यूमकंट्रोलस्ट्रीम म्हणून स्ट्रीम-म्युझिक, म्हणजे मीडियाचा आवाज, ठरवून टाका. नाहीतर अँड्रॉइड ९ च्या आधीच्या फोनवर काही वाजत नसताना बटणं रिंगटोनचा आवाज बदलतात. मीडिया व्हॉल्यूमची पट्टी द्यायचीच असेल तर बटण दाबल्यावर तीही हलली पाहिजे. मीडिया३ या गूगलच्या लायब्ररीमध्ये त्यासाठी ऑनडिव्हाइसव्हॉल्यूमचेंज्ड आहे. पट्टीच्या लिसनरमध्ये (पट्टी हलली की चालणाऱ्या कोडमध्ये) फ्रॉमयूजर, म्हणजे ती माणसानेच हलवली का, हे तपासा, नाहीतर पट्टी आणि बटण एकमेकांना ढकलत राहतात.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे मीडिया व्हॉल्यूम साठवून ॲप उघडताना तो पुन्हा लावणे. अँड्रॉइड स्पीकर, इअरफोन आणि ब्लूटूथ यांची पातळी वेगवेगळी लक्षात ठेवतो. स्पीकरचा १४ इअरफोनवर लावलात तर ऐकणाऱ्याच्या कानाला इजा होऊ शकते. हे करूच नका.

ऑडिओ फोकस न मागणे

ऑडिओ फोकस म्हणजे आत्ता आवाज कोणी करायचा याचा प्रणालीकडे मागायचा हक्क. तो न मागता वाजवलं की दोन ॲप्स एकाच वेळी वाजतात. अँड्रॉइड १२ पासून फोन वाजत असताना प्रणाली मीडियाचा आवाज बंद करते, पण तुमची गोष्ट आतल्या आत पुढे सरकत राहते आणि ऐकणाऱ्याची दोन वाक्यं बुडतात. मीडिया३ मधल्या एक्झोप्लेयर या प्लेयरमध्ये सेटऑडिओॲट्रिब्यूट्सला दुसरं मूल्य ट्रू द्या. फोकस मागणं आणि सोडणं तो सांभाळतो. बोलका मजकूर असेल तर कंटेंट टाइप स्पीच ठेवा. मग नकाशाची सूचना येताच गोष्ट हळू होण्याऐवजी थांबते. एका बोलण्याखाली दुसरं बोलणं कुणालाच कळत नाही. फोकस स्वतः हाताळत असाल तर तात्पुरता गेल्यावरच पुन्हा सुरू करा. कायमचा गेला तर ऐकणारा प्ले दाबेपर्यंत गप्प राहा.

एक्झोप्लेयरमधलं सेटहँडलऑडिओबिकमिंगनॉइझी मुळात बंद असतं. ते ट्रू केलं की इअरफोन निघताच वाजणं थांबतं.

तयारीच्या आधी स्टार्ट

मीडियाप्लेयर टप्प्याटप्प्याने चालतो. टप्पा चुकला की इल्लीगलस्टेटएक्सेप्शन ही चूक येते. क्रिएटने बनवलेला प्लेयर तयारच असतो, त्यावर पुन्हा प्रिपेअर (तयारीची आज्ञा) मारला की ॲप कोसळतं. फाईल उघडली नाही तर क्रिएट नल (रिकामं उत्तर) देतो, तेही तपासा. नेटवरची फाईल मुख्य थ्रेडवर (जो पडदा हलता ठेवतो) प्रिपेअर केली तर ॲप गोठतं. प्रिपेअरएसिंक वापरा आणि स्टार्ट ऑनप्रिपेअर्डमध्येच ठेवा. पत्ता एचटीटीपी असेल तर अँड्रॉइड ९ पासून तो अडवला जातो, एचटीटीपीएस घ्या. टिक किंवा घंटी अशा छोट्या आवाजांना साउंडपूल बरा, पण लोड पूर्ण व्हायच्या आत प्ले केलं तर शून्य परत येतं आणि काहीच वाजत नाही.

प्लेयर ॲक्टिव्हिटीत ठेवणे

फोन आडवा केला की ॲक्टिव्हिटी, म्हणजे ॲपचा पडदा, नव्याने बनते. जुना प्लेयर रिलीज केला नसेल तर एकच गोष्ट दोनदा, थोड्या अंतराने ऐकू येते. पडदा बंद असतानाही वाजवायचं असेल तर प्लेयर पडद्याशिवाय चालणाऱ्या मीडियासेशनसर्व्हिसमध्ये हलवा, मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या माहितीच्या फाईलमध्ये) फोरग्राउंड सर्व्हिसचा प्रकार मीडियाप्लेबॅक लिहा. ॲप अँड्रॉइड १४ साठी असेल तर त्या प्रकारची वेगळी परवानगीही लागते. ती विसरलात तर सिक्युरिटीएक्सेप्शन ही चूक येते.

आयफोनवर

इथे ॲपला फोनचा व्हॉल्यूम आकडा देऊन बदलता येत नाही. त्यासाठी एमपीव्हॉल्यूमव्ह्यू ही ॲपलची तयार पट्टी ठेवायची, आणि ती सिम्युलेटरवर (कॉम्प्युटरवरच्या नकली फोनवर) दिसत नाही. ऑडिओ सेशनची कॅटेगरी प्लेबॅक केली नाही तर सायलेंटचं बटण तुमचाही आवाज बंद करतं.

तपासताना

खऱ्या फोनवर तपासा: वाजत असताना कॉल लावा, इअरफोन काढा, ब्लूटूथ जोडा, फोन आडवा करा, दुसऱ्या ॲपमध्ये गाणं लावा. गडबड दिसली की एडीबी शेलमध्ये (कॉम्प्युटरवरून अँड्रॉइड फोनला आज्ञा देण्याचं साधन) डम्पसिस ऑडिओ चालवा. फोकस कोणाकडे आहे आणि प्रत्येक स्ट्रीमची पातळी किती, दोन्ही तिथे दिसतं. वाजत असताना फोकसच्या यादीत तुमच्या ॲपचं नाव नसेल तर बहुधा फोकस मागितलेलाच नाही.